रीलोड म्हणजे दोन माणसांचं काम

आजचा विषय जरा हटके आहे. बंदुकीचा आहे, पण खेळण्यातल्या बंदुकीचा. आणि खरं सांगायचं तर बंदुकीचाही नाही, तिच्या मॅगझीनचा आहे. ते कसं भरायचं आणि कसं बदलायचं, एवढंच. यावर अख्खा एपिसोड कसा होणार असं वाटत असेल, तर पंधरा मिनिटं द्या मला.

तुमच्यापैकी निम्म्या जणांनी तरी बीजीएमआय खेळलेलं असणार. त्यात काय होतं बघा. मॅगझीनमध्ये ३० गोळ्या आहेत. तुम्ही ११ उडवल्या, भिंतीआड गेलात, रीलोडचं बटण दाबलं. दोन-तीन सेकंदांत पुन्हा ३०. मग उरलेल्या १९ गेल्या कुठे? कुठेच नाही. गेमने त्या गुपचूप मोजून तुमच्या बॅगेत टाकल्या. तुम्हाला काही करावं लागलं नाही.

खऱ्या मॅगझीनचं असं नसतं. अर्धं रिकामं झालेलं मॅगझीन काढून पाऊचमध्ये ठेवलंत, तर ते तिथेही अर्धंच राहतं. दहा मिनिटांनी घाईघाईत हात घातला आणि नेमकं तेच हाताला लागलं, तर हातात ३० नाही, १९ आहेत. आणि ते तुम्हाला कळतं विसाव्या वेळी घोडा दाबल्यावर.

हा फरक मला अंगानं कळला तो एअरसॉफ्टमुळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एअरसॉफ्ट म्हणजे प्लास्टिकचे ६ मिलिमीटरचे गोल छर्रे उडवणाऱ्या बंदुकांचा खेळ. छर्ऱ्याला सगळे ‘बीबी’च म्हणतात. हा खेळ जपानमध्ये सुरू झाला. तिथे सामान्य माणसाला खरी बंदूक मिळणं फार अवघड, म्हणून हुबेहूब दिसणाऱ्या खेळण्यातल्या बंदुका आल्या आणि मग तो जगभर पसरला. बीबी लागला की चांगलाच चटका बसतो, पण डोळ्यांवर चष्मा आणि तोंडावर जाळी असली की प्रकरण तेवढ्यावर भागतं. आणि लागला की आपणच हात वर करून ‘हिट’ म्हणायचं. कोणी पंच येऊन सांगत नाही. सगळा खेळ प्रामाणिकपणावर.

मी कामानिमित्त इंग्लंडमध्ये राहतो. इथे या खेळाची एक वेगळी शाखा आहे, ऐतिहासिक एअरसॉफ्ट. दुसऱ्या महायुद्धातले कपडे, तेव्हाचे बूट, तेव्हाचे पट्टे आणि तेव्हाच्याच बंदुकांच्या प्रतिकृती घेऊन जंगलात दोन दिवस घालवायचे. इथला कायदाही या दोन्ही छंदांची दखल घेतो. २००६ च्या कायद्याने हुबेहूब नकली बंदुका विकण्यावर बंधनं आणली, पण एअरसॉफ्ट खेळणारे आणि इतिहास उभा करणारे यांना त्यात सूट ठेवली. २०१७ च्या कायद्याने ताकदीची मर्यादाही घालून दिली. सलग गोळीबार करणाऱ्या बंदुकीला १.३ जूल, एकेक गोळी उडवणारीला २.५ जूल. त्यापलीकडे गेलं की ते एअरसॉफ्ट राहत नाही.

आता मुद्द्यावर येतो. एअरसॉफ्टची मॅगझिनं साधारण तीन प्रकारची असतात.

पहिला प्रकार, हाय-कॅप. वरचं झाकण उघडायचं, मूठमूठ बीबी ओतायचे, तीनशे-चारशे सहज मावतात. खाली एक दातेरी चाक असतं, ते अंगठ्याने फिरवत राहायचं, म्हणजे बीबी वर सरकत राहतात. सोयीचं आहे, पण चालताना आतले बीबी लहान बाळाच्या खुळखुळ्यासारखे वाजतात. दबा धरून बसलेला सैनिक आणि त्याच्या कमरेला खुळखुळा!

दुसरा प्रकार, मिड-कॅप. यात चाक नाही, लांबलचक नळी आणि स्प्रिंग. शंभरच्या आसपास बीबी बसतात आणि आवाज येत नाही.

तिसरा प्रकार, लो-कॅप किंवा ‘रिअल-कॅप’. खऱ्या बंदुकीत जेवढी काडतुसं मावायची तेवढेच बीबी.

ऐतिहासिक खेळात बहुतेक ठिकाणी या तिसऱ्याचाच आग्रह असतो. तसं मॅगझीन मिळत नसेल तर मोठ्या मॅगझीनमध्ये मोजून तेवढेच भरायचे. नवीन आलेल्यांचा पहिला प्रश्न हमखास हाच: ‘एवढे पैसे घालून बंदूक घेतली, तीनशे मावतात, मग तीसच का?’

कारण हा आकडा म्हणजे नुसती शोभा नाही. माणूस कसा लढायचा हे त्या आकड्यावर ठरायचं.

ली-एनफिल्ड रायफल घ्या. आपल्याकडे पोलिसांच्या हातात वर्षानुवर्षं दिसलेली थ्री-नॉट-थ्री. तिच्या मॅगझीनमध्ये १० गोळ्या. पण ते मॅगझीन काढून बदलायचं नसायचं. बोल्ट मागे ओढायचा, पाच गोळ्यांची पत्र्याची क्लिप वर टेकवायची आणि अंगठ्याने पाचही खाली दाबायच्या. अशा दोन क्लिपा म्हणजे दहा. त्यातही एक मेख आहे. या काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली कड असते. वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे अडकली, की बोल्ट पुढे सरकतच नाही. म्हणजे रीलोडची अर्धी तयारी आदल्या रात्री, क्लिपमध्ये काडतुसं नीट लावताना झालेली असायची. पहिल्या महायुद्धाआधी ब्रिटिश सैनिकाला मिनिटाला १५ नेम धरून गोळ्या मारता याव्यात अशी अपेक्षा असायची. १५ म्हणजे मध्ये रीलोड आलंच. तेही त्याच मिनिटात.

जर्मन कार ९८-के रायफल, जी गेममध्ये तुमच्या सगळ्यांची लाडकी आहे, तिच्यात फक्त ५. अमेरिकन एम-वन गॅरंडमध्ये ८, आणि त्या आठही एका क्लिपसकट आत जायच्या. शेवटची गोळी सुटली की रिकामी क्लिप ‘टिंग’ करून बाहेर उडायची. तो आवाज ऐकून जर्मन सैनिक धावून यायचे, ही गोष्ट इंटरनेटवर खूप फिरते. पण एकदा विचार करा. आजूबाजूला दहा-बारा रायफली धडाडत आहेत, कान बधिर झालेत. त्यात शंभर पावलांवरची टिंग कोणाला ऐकू येणार? आणि आली तरी त्या माणसाच्या शेजारच्याची रायफल भरलेलीच आहे की. तेव्हा टिंग ऐकून कोणी उठून धावत असेल, तर ते आमच्या खेळात. कारण आमच्या बंदुकांचा आवाज शिवणयंत्राएवढा असतो.

मग सबमशीनगन. जर्मन एमपी-४० मध्ये ३२ गोळ्या. त्याचं मॅगझीन हाताने भरणं इतकं जड जायचं, की भरायला वेगळं अवजार द्यायचे. टॉमी गन, म्हणजे थॉम्प्सन, तिला २० किंवा ३० गोळ्यांचं सरळ मॅगझीन. सिनेमातल्या गुंडांकडे दिसतं ते गोल ड्रम जड आणि आवाज करणारं, सैन्याला ते फारसं रुचलं नाही.

आता या आकड्यांचं गणित करू. थॉम्प्सनचा वेग साधारण मिनिटाला ७०० गोळ्या. म्हणजे घोडा दाबून धरला तर २० गोळ्या संपायला किती वेळ? पावणेदोन सेकंद. ‘एक हजार एक, एक हजार दो...’ संपलं. आता हातात साडेचार-पाच किलोचा रिकामा लोखंडी दांडा आहे आणि समोरच्याची बंदूक भरलेली आहे.

म्हणून रिअल-कॅप घेऊन खेळायला लागलं की पहिल्या तासातच माणूस बदलतो. आपोआप दोन-दोन, तीन-तीन गोळ्यांचे झटके मारायला लागतो. मोजायला लागतो. मी मनातल्या मनात मराठीतच मोजतो: तीन, पाच, आठ, दहा... पंधराच्या पुढे गेलो की आड शोधायची. कारण बऱ्याच इलेक्ट्रिक एअरसॉफ्ट बंदुका रिकाम्या झाल्या तरी थांबत नाहीत. मोटर फिरतच राहते, फक्त आवाज पोकळ होतो. तो पोकळ आवाज ओळखायला कान तयार व्हावे लागतात.

आता भरायचं कसं, ते थोडक्यात सांगतो. एक प्लास्टिकची नळी मिळते, स्पीड-लोडर. वर बीबी भरायचे, तोंड मॅगझीनवर टेकवायचं, दांडा दाबायचा. एका दाबाला चार-पाच बीबी आत जातात. किती ते आधी मोकळ्या मॅगझीनवर मोजून घ्यायचं, म्हणजे किती दाबांचे वीस होतात ते समजतं. बीबी नवे आणि गुळगुळीत हवेत, खाली पडलेले उचलून पुन्हा कधीच भरायचे नाहीत. मातीचा एक कण आत गेला की फीड अडकलीच. आणि वीस भरले म्हणजे वीसच उडतील असं नाही. बऱ्याच मॅगझिनांत शेवटचे दोन-तीन बीबी तोंडाशी अडून राहतात आणि मॅगझीन काढल्यावर टपकन खाली पडतात. आमच्या गटात म्हणून मोजणी ‘उडणाऱ्या’ बीबींची करतात.

मैदानावरचं रीलोड असं. भरलेली मॅगझिनं पाऊचमध्ये एकाच दिशेने, तोंड खाली करून. म्हणजे न बघता हात घातला की प्रत्येक वेळी एकसारखीच पकड येते आणि धूळ-पाणीही आत जात नाही. रिकामं झालेलं त्याच पाऊचमध्ये परत ठेवायचं नाही. ते शर्टात घाला, पिशवीत टाका, पण भरलेल्यांत मिसळू नका. अर्धवट राहिलेलं ठेवायचंच असेल तर तोंड वर करून ठेवा, म्हणजे बोटांना लगेच कळतं. आधी नवीन मॅगझीन हातात घ्यायचं, मगच जुनं काढायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, हे सगळं करायच्या आधी ओरडायचं. आम्ही ‘मॅग!’ म्हणून ओरडतो. शेजारचा ‘कव्हरिंग!’ म्हणून उत्तर देतो आणि समोर दोन-तीन गोळ्या टाकतो. उत्तर आलं की मगच मान खाली घालायची. उत्तर येत नाही तोवर मान वरच.

हे उत्तर फार महत्त्वाचं आहे. त्यावरून एक प्रसंग सांगतो. मागच्या वर्षी आमच्याकडे अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा पहिल्यांदाच खेळायला आला. आधुनिक एअरसॉफ्ट भरपूर खेळलेला, हात चपळ, नेम चांगला. पाऊचमध्ये दोन हाय-कॅप. आमच्या सेक्शनच्या सार्जंटने काही न बोलता ती काढून घेतली आणि त्याच्या हातात तीस-तीसची चार ठेवली. सकाळभर पोरगा वैतागलेला होता. दुपारी चहाला बसलो तेव्हा म्हणाला, ‘एवढी वर्षं खेळतोय, पण माझ्या शेजारी कोण आहे हे मी आज पहिल्यांदा बघितलं.’

यातच सगळं आलं. तीनशे गोळ्या असलेल्या माणसाला कोणाची गरज नसते. वीस गोळ्या असलेल्याला असते.

तेव्हाच्या सैन्यालाही हे माहीत होतं. ब्रिटिश आणि हिंदी पायदळाच्या सेक्शनमध्ये एक ब्रेन गन असायची. हलकी मशीनगन, वरून बसवायचं ३० गोळ्यांचं वाकडं मॅगझीन. अडकू नये म्हणून पुष्कळदा २८ च भरायचे. ती चालवायला दोन माणसं. एक नेम धरणारा, दुसरा मॅगझीन बदलणारा. आणि आता गंमत ऐका. १९३७ च्या नमुन्याचे जे छातीवरचे कॅनव्हासचे पाऊच आहेत, जे आज मीही घालतो, ते ब्रेनची मॅगझिनं मावतील अशा मापाने केलेले होते. म्हणजे खांद्यावर रायफल असलेला प्रत्येक जण छातीवर दुसऱ्याच्या बंदुकीची मॅगझिनं वाहत होता. ती त्याच्या स्वतःच्या कामाची नव्हती, पण लढाईत मागितली की पुढे द्यायची.

आता थोडं अवघड बोलणार आहे.

मुंबई-गोवा महामार्गावरून कोकणात गेला असाल तर रायगड जिल्ह्यातलं माणगाव लागलं असेल. तिथे तहसील कार्यालयासमोर एका सैनिकाचा पुतळा आहे. नाईक यशवंत घाडगे. माणगाव तालुक्यातलेच. पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनमध्ये होते. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला. घाडगे सोडून सेक्शनमधले सगळे पडले, कोणी ठार, कोणी जखमी. घाडगे एकटे त्या मशीनगनवर धावून गेले. हातबॉम्ब टाकून गन आणि ती चालवणारा, दोघांना गप्प केलं. टॉमी गनने आणखी एकाला मारलं. अजून दोघं उरले होते. आणि इथे त्यांच्या व्हिक्टोरिया क्रॉसच्या अधिकृत नोंदीत एक बारीकसा तपशील येतो: मॅगझीन बदलायला वेळ नव्हता. घाडग्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि दस्त्याने त्या दोघांना मारलं. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते स्वतः पडले. वय २२. पदक मरणोत्तर मिळालं.

शाळेत ही कथा ऐकली तेव्हा ‘केवढा शूर!’ एवढंच वाटलं होतं. आणि ते खरंच आहे. पण हातात टॉमी गनची प्रतिकृती घेऊन दोन-तीन वर्षं काढल्यावर तोच तपशील मला वेगळा ऐकू यायला लागला. मॅगझीन बदलायला वेळ का नव्हता? मॅगझीन बदलायला तीन-चार सेकंद लागतात. ते सेकंद आपल्याला शेजारचा मिळवून देतो. आपण ओरडतो, तो उत्तर देतो. घाडग्यांनी कोणाला ओरडायचं होतं? उत्तर देणारे सगळे मागे जमिनीवर पडले होते.

माझे बाबा मला फोनवर विचारतात, ‘अरे, युद्धाचा कसला खेळ करता? लोक मेलेत त्यात.’ प्रश्न बरोबर आहे. मी तो झटकून टाकत नाही. आम्ही संध्याकाळी हसत-खिदळत चहा पितो, सोमवारी ऑफिसला जातो. तिकडे ते दोन जर्मनही कोणाची तरी पोरंच होती. हे विसरून खेळलं तर बाबांचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे.

मागे इटलीच्या आघाडीवर बेतलेला एक वीकेंड आम्ही ठरवत होतो. गटातल्या एकाने घाडग्यांची नोंद वाचली होती. त्याला ती भारावून टाकणारी वाटली आणि त्याने सुचवलं की हाच हल्ला आपण उभा करू, घाडग्यांची भूमिका तू कर, तू त्यांच्याच भागातला आहेस. मनापासून म्हणाला होता तो. मी नाही म्हटलं. त्याला सांगितलं, बघ, या खेळात जे जे खोटं आहे ते ते त्या प्रसंगात खरं आहे. आपल्याला लागलं की आपण हात वर करतो आणि दहा मिनिटांनी परत येतो. बाकी सगळं आपण करू, त्यांचे पट्टे, त्यांचे पाऊच, त्यांची वीस गोळ्यांची मोजणी. पण ते शेवटचे काही सेकंद करायचे नाहीत. ते आपल्याला येणार नाहीत.

थोडी चर्चा झाली. मग ठरलं की प्रसंग उभा करायचा नाही, वाचायचा. शनिवारी सकाळी, खेळ सुरू व्हायच्या आधी, सगळे गोल करून उभे राहिले. सार्जंटने इंग्रजीत नोंद वाचली, मी ती मराठीत सांगितली. कोणाला मराठी कळत नव्हतं, पण कोणी हललं नाही. मग सगळे खाली बसले आणि आपापली मॅगझिनं भरायला लागले. त्या दिवशी कोणीही एक बीबी जास्त भरला नसेल, याची मला खात्री आहे. तपासणारं कोणी नव्हतं तरी.

बाबांना मी हेच सांगितलं. ते म्हणाले, ‘बरं. पण डोळ्यांना चष्मा लावतोस ना?’

तर मंडळी, जाता जाता तेवढं माझ्याकडूनही. कुठेही एअरसॉफ्ट खेळलात तरी चष्मा मैदानात एक क्षणही काढायचा नाही. खेळ संपला की आधी मॅगझीन काढायचं, मग नळी सुरक्षित दिशेला धरून दोन-तीनदा घोडा दाबायचा, कारण मॅगझीन काढलं तरी एखादा बीबी आत राहिलेला असतो. आणि ही बंदूक बॅगेत बंद करूनच न्यायची. रस्त्यावर, बसमध्ये, रील बनवायला म्हणून बाहेर काढायची नाही. बघणाऱ्याला ती खरीच वाटते, पोलिसालाही.

आणि मोबाईलवर खेळत असाल तर एक करून बघा. पुढच्या मॅचमध्ये रीलोड करायच्या आधी स्क्वॉडला माईकवर सांगा, ‘रीलोड करतोय.’ कोणी ‘हो’ म्हणतंय का ते ऐका. म्हणालं, तर तो स्क्वॉड सोडू नका.

माणगाववरून गेलात तर पाच मिनिटं थांबून तो पुतळाही बघून या. कसा वाटला ते मला नक्की कळवा. पुढच्या भागात भेटू. काळजी घ्या!